विश्लेषण : विमानातला इंधनाचा कॉक हाताला कुठे लागतो, यावर जीव का अवलंबून असतो?

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि उलवे, पनवेल, खारघरच्या रहिवाशांना डोक्यावरून जाणारी विमाने रोजची झाली. त्याच्या सहा महिने आधी, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादेत एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले होते. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा त्यात मृत्यू झाला. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला आणि ‘फ्युएल स्विच’ हा तोवर वैमानिकांपुरता असलेला शब्द लोकलच्या डब्यात ऐकू येऊ लागला. स्विच चुकून हलतो का, त्याला कुलूप असते का, तो नेमका कुठे असतो, असे प्रश्न लोक विचारू लागले.

त्यातला शेवटचा प्रश्न वरवर साधा वाटतो. मोठ्या विमानात त्याचे उत्तर काढायला अभियंत्यांची फौज असते, चाचण्या असतात, नियामक असतात. पण जगभरात हजारो हौशी लोक आपल्या गॅरेजमध्ये, शेडमध्ये, गच्चीवर स्वतःचे विमान बांधतात. महाराष्ट्रातही ते घडले आहे. तिथे इंधनाचा कॉक कुठे बसवायचा हे एकच माणूस ठरवतो, आणि त्या निर्णयाची किंमत कधी कधी भलताच माणूस मोजतो.

इंधनाचा कॉक नेमके काय करतो?

कार्ब्युरेटरच्या जमान्यात ज्यांनी मोटारसायकल चालवली त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. गाडी आचके देऊ लागली की डावा हात खाली जायचा, टाकीखालचा कॉक चाचपडून ‘रिझर्व्ह’ला लावायचा आणि नजर रस्त्यावरच असायची. कॉक डावीकडे असणे सोयीचे होते, कारण उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो. तोच कॉक पिलियनच्या सीटखाली बसवला असता तर? घाटात, ट्रकच्या पुढे, मान मागे वळवून तो शोधणाऱ्या स्वाराची कल्पना करून पाहा.

छोट्या विमानात इंधन बहुधा दोन पंखांतल्या दोन टाक्यांमध्ये असते. कोणत्या टाकीतून इंजिनाला पेट्रोल द्यायचे हे ठरवणारा वाल्व म्हणजे फ्युएल सिलेक्टर. डावी, उजवी आणि बंद, अशा किमान तीन जागा त्याला असतात. पंख वर असलेल्या सेसना १७२ मध्ये चौथी जागाही असते, ‘दोन्ही’. टाक्या इंजिनापेक्षा उंचावर असल्याने तिथे इंधन आपोआप खाली उतरते. पंख खाली असलेल्या विमानात मात्र पंपाने इंधन ओढावे लागते. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि त्यातली एक आधी रिकामी झाली तर पंप तिच्यातून हवा ओढू लागतो. म्हणून अशा विमानांत ‘दोन्ही’ ही सोय सहसा देत नाहीत. वैमानिकाला दर अर्ध्या-पाऊण तासाने टाकी बदलावी लागते, नाहीतर एक पंख जड आणि दुसरा हलका होतो.

थोडक्यात, घराच्या मेन स्विचसारखा वर्षातून एकदा हात लावायचा हा प्रकार नाही. उड्डाण चालू असताना पुन्हा पुन्हा वापरायची ती वस्तू आहे. आणि इंजिन हवेत बंद पडले की वैमानिकाचा हात ज्या दोन-तीन गोष्टींकडे सर्वात आधी जातो त्यातली एक हीच.

मग तो सरळ वैमानिकापुढे का बसवत नाहीत?

कारण वाल्वला नळ्या जोडलेल्या असतात. तो ज्या ठिकाणी जातो त्या ठिकाणी पेट्रोल जाते. डॅशबोर्डवर बसवला तर इंधन वैमानिकाच्या गुडघ्यांवरून फिरवून आणावे लागेल. जोड वाढतील, आणि प्रत्येक जोड ही गळतीची संभाव्य जागा. आपटलेल्या विमानात गळके पेट्रोल माणसाच्या मांडीवर यावे असे कुणालाच वाटणार नाही.

दुसरी अडचण वाफेची. पंप इंधन ओढत असतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो. नळी उंच चढवली किंवा गरम एक्झॉस्टजवळून नेली, तर पेट्रोलची नळीतच वाफ होऊ शकते आणि इंजिनाला धार मिळत नाही. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात ही शक्यता पुस्तकी राहत नाही. म्हणून नळीचा रस्ता आखूड, खालून आणि कमीत कमी वळणांचा ठेवावा लागतो. बहुतेक विमानांत वाल्व जमिनीलगत दिसतो तो यामुळे. सेसनात तो दोन आसनांच्या मध्ये खाली असतो, तर पायपर चेरोकीच्या घराण्यात वैमानिकाच्या डाव्या गुडघ्याजवळ, बाजूच्या भिंतीवर.

म्हणजे दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. नळकाम म्हणते, मला इंजिनाजवळ आणि माणसापासून दूर ठेव. हात म्हणतो, मला जवळ हवा. प्रमाणित विमानात हे भांडण कंपनीने आणि नियामकाने मिटवलेले असते. घरी बांधलेल्या विमानात ते बांधणाऱ्याच्या डोक्यात मिटते, आणि बऱ्याचदा नळकामाच्या बाजूने. कारण बांधताना वर्षानुवर्षे समोर नळ्याच असतात. उडण्याचा दिवस फार लांब असतो.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियात काय घडले?

या विषयावर जगभर दिले जाणारे उदाहरण प्रसिद्ध अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताचे आहे. डेन्व्हर हौशी पण अनुभवी वैमानिक होते. त्यांच्या खात्यावर अडीच हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते. त्यांनी ‘लाँग-ईझी’ जातीचे जुने विमान विकत घेतले. बर्ट रुटान या नामांकित अभियंत्याने आराखडा केलेले हे फायबरचे विमान. इंजिन मागे, छोटे पंख पुढे आणि दांडा उजव्या हाताशी. रुटान यांच्या आराखड्यात इंधनाचा वाल्व वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, पुढच्या बाजूला होता. ज्या माणसाने हे विमान बांधले त्याला कॉकपिटमधून पेट्रोलच्या नळ्या न्यायच्या नव्हत्या. म्हणून त्याने वाल्व मागे, इंजिनाच्या बाजूला ठेवला आणि त्याचे हँडल वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवले.

हा विचार वेडगळ नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. आगीची भीती खरी असते. आणि बांधणाऱ्याला ते हँडल कुठे आहे, कसे फिरते, हे आंधळेपणानेही सांगता आले असते.

अडचण दुसऱ्या मालकाची होती. डावा हात डाव्या खांद्यामागे नीट वळत नाही. म्हणजे उजव्या हाताने दांडा सोडायचा, अंग डावीकडे पिळायचे आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा. हँडलवर कोणत्याही खुणा नव्हत्या. त्याच्या दिशाही उलट्यासुलट्या होत्या : हँडल उजवीकडे वळवले की डावी टाकी चालू, खाली केले की उजवी, वर केले की बंद. इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या आणि त्यांच्यावर मोजमापाच्या रेषा नव्हत्या.

१२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी माँटेरेच्या विमानतळावर उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि एका तंत्रज्ञाचे याच हँडलबद्दल बोलणे झाले. हँडलला पकड लावून ते लांब करता येते का, हेही दोघांनी करून पाहिले. जमले नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्यांना छोटा आरसा दिला. हँडल फिरवताना आपण ऑटोपायलट लावू, असे डेन्व्हर यांनी सांगितले. पेट्रोल भरायला मात्र त्यांनी नको म्हटले, कारण फेरी तासाभराचीच होती. धावपट्टीवर तीन वेळा उतरून-उडून झाल्यावर विमान समुद्राकडे गेले आणि पॅसिफिक ग्रोव्हजवळ नाक खाली करून पाण्यात कोसळले. डेन्व्हर तेव्हा ५३ वर्षांचे होते. अवशेषांत तो वाल्व अर्धवट स्थितीत मिळाला.

अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने तशाच आसनात बसून हालचाल करून पाहिली. अंग डावीकडे पिळून हात मागे नेताना माणूस आधारासाठी नकळत उजवा पाय ताणतो. आणि उजव्या पायाखाली असते उजवे रडर पेडल. म्हणजे ज्या क्षणी दांड्यावर हात नाही आणि नजर मागे आहे, नेमक्या त्याच क्षणी पाय विमानाला उजवीकडे ढकलतो आहे. वैमानिकाचे लक्ष हटणे आणि नकळत पेडल दाबले जाणे, हे एनटीएसबीने संभाव्य कारण ठरवले. पेट्रोल न भरणे, नव्या जातीच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण, खुणा नसलेल्या काचा आणि खुणा नसलेले हँडल अवघड जागी बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, ही त्याला जोडलेली कारणे.

ही यादी पाहिली की ‘वैमानिकाची चूक’ हा निष्कर्ष किती अपुरा आहे ते कळते. डेन्व्हर यांनी पेट्रोल भरले असते तर ते कदाचित वाचले असते, हे खरे. पण टाकी बदलणे ही त्या विमानातली नेहमीची क्रिया होती. जी नेहमीची क्रिया करताना दांडा सोडावा लागतो, ती कधीतरी, कुणालातरी महागात पडणारच होती.

नियम याबद्दल काय म्हणतात?

अमेरिकेच्या छोट्या प्रमाणित विमानांसाठी अनेक दशके लागू असलेले नियम या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके बारीक होते. आसन कोणत्याही जागी सरकवलेले असो, वैमानिकाला सिलेक्टर दिसला पाहिजे आणि आसन किंवा मुख्य नियंत्रणे न हलवता हाताला लागला पाहिजे. हँडलचे सर्वात लांब टोक हेच दर्शक काट्याचे काम करील. प्रत्येक जागेवर ते ‘खट्’ करून बसल्याचे हाताला जाणवले पाहिजे. ‘बंद’कडे नेण्यासाठी वेगळी, जाणीवपूर्वक कृती करावी लागली पाहिजे. चेरोकीत त्यासाठी छोटा खटका दाबावा लागतो. आणि एका टाकीवरून दुसरीवर जाताना वाटेत ‘बंद’ ही जागा लागता कामा नये.

ही सगळी वाक्ये कुणाच्या तरी अपघातातून आली आहेत, असे वाचताना जाणवते.

घरी बांधलेल्या विमानाला हे मापदंड लागू होत नाहीत. अमेरिकेत अशा विमानाचा मोठा हिस्सा बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधलेला असावा लागतो. मग ते ‘प्रायोगिक’ म्हणून उडते आणि तशी पाटी कॉकपिटमध्ये लावावी लागते. डेन्व्हर यांच्या अपघातानंतर इंधन वाल्वसारख्या महत्त्वाच्या नियंत्रणांवर स्पष्ट खुणा असाव्यात, हे तपासणीत पाहावे, अशी शिफारस एनटीएसबीने केली. जागेचा प्रश्न मात्र मुख्यतः बांधणाऱ्याच्या विवेकावरच राहिला. ते समजण्यासारखे आहे. सगळेच नियमात बांधायचे तर ‘प्रायोगिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

मोठ्या विमानांत ही चूक होत नाही का?

झाली आहे. ३० जून १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून निघालेल्या डेल्टा एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ मध्ये कॅप्टनला इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे स्विच बंद करायचे होते. हात गेला शेजारच्या इंधनाच्या स्विचवर. दोन्ही इंजिने थांबली. विमान समुद्रापासून सुमारे ६०० फुटांवर आले असताना ती पुन्हा सुरू झाली. माणूस तोच, प्रशिक्षण तेच, फक्त दोन वेगळ्या कामांचे स्विच एकमेकांच्या फार जवळ होते. त्यानंतर तिथे आडोसा बसवण्याचा आदेश निघाला.

अहमदाबादच्या बोइंग ७८७ मध्ये हे स्विच थ्रस्ट लिव्हरच्या मागे, दोन वैमानिकांच्या मधल्या चौथऱ्यावर होते. दोन्ही बाजूंना संरक्षक कडा, आणि हलवण्यासाठी आधी वर उचलावे लागणारे. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांत ते एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले आणि साधारण दहा सेकंदांनी पहिला पुन्हा ‘रन’वर आला. ते का गेले याचे उत्तर त्या अहवालात नाही, त्यामुळे इथे तर्क लढवण्यात अर्थ नाही. या विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की अमेरिकेच्या एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये काही बोइंग विमानांत या स्विचचे कुलूप सुटे राहण्याबाबत सूचनापत्र काढले होते. ते बंधनकारक नव्हते आणि एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती. अपघातानंतर डीजीसीएने देशातल्या विमानांत ती तपासणी सक्तीची केली, आणि एअर इंडियाने आपल्या विमानांत दोष आढळला नसल्याचे कळवले.

महाराष्ट्रात घरी विमान कुणी बांधले?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव यांनी. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या यादव यांचे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. पुढे नोंदणीसाठी दीर्घ झगडा झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. ही अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावांवरून घेतल्याचे तेव्हा गाजले होते. २०१८ मध्ये राज्य सरकारशी पालघरमधल्या कारखान्यासाठी करार झाला, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना आला आणि २०२० मध्ये धुळ्यात चाचणी उड्डाणे झाली.

या काळातल्या बातम्या पुन्हा चाळल्या तर एक गोष्ट खटकते. परवानगी मिळाली का, कुणी अडवले, कोण पावले, किती कोटींचा करार, यावर रकानेच्या रकाने आहेत. विमानाच्या पोटात कोणती वस्तू कुठे आहे आणि ती का, हे विचारणारा प्रश्न क्वचितच. आपल्याकडे हौशी विमानबांधणी म्हणजे एकतर जिद्दीची गोष्ट असते किंवा लालफितीची. ती अभियांत्रिकीची गोष्टही असते, हे मागे पडते. वर्षानुवर्षे फायलीसाठी भांडणाऱ्या माणसाकडे खांद्यामागचे हँडल पुढे आणायला किती वेळ उरत असेल, हाही प्रश्न आहेच. परवाना प्रक्रिया स्पष्ट आणि वेळेत होणारी असणे हा म्हणूनच केवळ उद्योगस्नेहाचा नव्हे, सुरक्षेचाही मुद्दा आहे.

उद्या तळोजा किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक गाळ्यात कुणी परदेशी किट आणून विमान जोडायला घेतले, तर ते नवी मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावरून चाचणीला उडवणे व्यवहार्य नाही. धुळ्यासारखी धावपट्टी गाठावी लागेल. किट विमानाच्या आराखड्यात वाल्वची जागा बहुधा ठरवलेली असते. व्हॅन्स कंपनीच्या शेजारी-शेजारी बसायच्या लोकप्रिय विमानांत तो दोन माणसांच्या मध्ये, खाली असतो. पण बांधणारे बदल करतात. कुणाला कन्सोलमध्ये दिसायला छान हवा असतो, कुणाला जास्तीची टाकी जोडायची असते. आणि बदल करू नका, असे सांगणारा शेजारी नसतो. अमेरिकेत ईएए या हौशी संघटनेचे अनुभवी सल्लागार शेडमध्ये येऊन काम पाहतात, प्रश्न विचारतात. महाराष्ट्रात बांधणाऱ्याला हा परका डोळा शोधून आणावा लागतो.

जागा योग्य आहे हे ओळखायचे कसे?

नळ्या कापण्याआधी. पुठ्ठ्याचे किंवा प्लायवुडचे कॉकपिट करून त्यात लाकडी हँडल बसवायचे. आसनावर बसून खांद्याचे पट्टे उड्डाणाच्या वेळी असतात तितके आवळायचे. हे महत्त्वाचे आहे, कारण पट्टे सैल असताना हात जिथे पोहोचतो तिथे तो आवळल्यावर पोहोचत नाही. दांडा धरून, डोळे मिटून, दुसऱ्या हाताने हँडल गाठायचे आणि फिरवायचे. या वेळी दुसऱ्या कुणीतरी पाय आणि दांडा पाहत राहायचे. ते जरासे जरी हलले, तर ती जागा चुकली. मग हीच परीक्षा बांधणाऱ्यापेक्षा चार इंच बुटक्या आणि चार इंच उंच माणसाला द्यायला लावायची, कारण विमान कधीतरी विकले जाते.

डावी टाकी हवी तर टोक डावीकडे वळले पाहिजे. स्वयंपाकघरात गॅसची चुकीची शेगडी पेटवणाऱ्यांना यात वेगळे सांगायला नको. ‘बंद’साठी उचलून फिरवावा लागणारा वाल्व बाजारात मिळतो, थोडा महाग. तो घ्यावा. वंगण सुकले की वाल्व घट्ट होतो आणि दोन बोटांचे काम मुठीचे होते, तेव्हा दर वार्षिक तपासणीत तो किती जोराने फिरतो हेही पाहावे. जोर लावावा लागला की अंग वळते, आणि अंग वळले की पाय ताणला जातो.

आणि उड्डाणाच्या ऐन तोंडावर टाकी बदलू नये. धावपट्टीवर जाण्याआधी इंजिन जोरात चालवून पाहतात, त्याच्याही आधी बदलावी. नव्या टाकीच्या नळीत पाणी, हवा किंवा अडथळा असेल तर ते कळायला दोन-तीन मिनिटे लागतात. ती मिनिटे जमिनीवर गेलेली बरी.